कोऱ्या हेल्मेटचा हवालदार

मागच्या उन्हाळ्यात जालन्याहून औषधांच्या कंपनीचा एक माणूस आमच्या गावी, बुलढाण्याजवळच्या धाडला आला. फाट्यावरच्या हॉटेलात त्यानं हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं, चहा आणि भजे सांगितले आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. चहा पिऊन उठला, हेल्मेट उचललं, तर त्याच्यावर समोरच एक पिवळं वांगं. देठासकट. रंग अजून ओला होता, बोटाला लागला.

"हे कोणी केलं?" तो ओरडला.

शेजारच्या बाकावर एक उंच, वाळकुडा म्हातारा चिंधीनं ब्रश पुसत बसला होता. "मी केलं," तो म्हणाला. "हात नका लावू. पंख्याखाली ठेवा, सुकते."

"अहो पण का?"

"कोरं होतं ना. धाडमधी चाय पेली, म्हंजे आजच्या दिवस तुमी धाडले अटॅच. अटॅच मानसाले आमी वांगं देतो. रस्त्यात काई झालं, त लोक म्हनतीन, हा त धाडच्या वांग्यावाला, धाडले फोन करा."

त्या माणसाला राग यायला पाहिजे होता. पण वांगं एवढं झकास होतं की त्यानं आधी फोटो काढला आणि मग रागवायचं राहूनच गेलं. अजून येतो तो. जालन्यात त्याला आता सगळे वांगेसाहेब म्हणतात, असं मोठ्या कौतुकानं सांगतो.

तर हे आमचे देवमन हवालदार.

मी शोभा. फाट्यापासून चौथ्या दुकानात माझी पिठाची गिरणी आहे. आमचे हे शेतात असतात, आणि घरात असले तरी शेतातच असतात, त्यामुळे गिरणी, घर आणि तोंड हे तिन्ही मलाच चालवावं लागतं. हवालदारांचं घर माझ्या गिरणीच्या पाठीला पाठ लावून. मी गिरणी चालू केली की त्यांच्या भिंतीवरचे फोटो हलतात, असं त्यांचं म्हणणं. ते टर्पेंटाइनची बाटली उघडतात तेव्हा माझ्या पिठाला वास लागतो, असं माझं. हे भांडण आम्ही इतकी वर्षं जपून ठेवलं आहे की एखाद्या दिवशी ते झालं नाही तर दोघांनाही चुकल्यासारखं वाटतं. त्यांची बायको गयाबाई, मोठी गोड बाई, जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. म्हणून भांडायलाही त्यांना शेजारच.

हवालदार पलटणीत पेंटर होते. हे त्यांना कोणी कमीपणाचं समजलेलं चालत नाही. "बंदूक त सारेच चालवतेत, वैनी. अख्ख्या पलटणीत बुरूस चालवनारा मी एकटा होतो." गाड्यांवरचे नंबर, गेटवरची पाटी, साहेबांच्या ट्रंकेवरचं नाव, सगळं ह्यांच्या हातचं. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे लढाईच्या काळात जवानांच्या लोखंडी टोपांवर पलटणीचं निशाण काढणं. हा विषय निघाला की मी चक्कीत ज्वारी ओतून मोकळी होते, कारण दळण संपतं पण विषय संपत नाही.

"लोखंडी टोप घातला का समदे मानसं सारखे दिसतेत, वैनी. केस दिसत नाई, कपाळ दिसत नाई. कोन पाटील, कोन इंगळे, कोन पठान, काई समजत नाई. म्हनून टोपावर निशाण. किती मोठं? हे एवढं." मग अंगठ्याचं नख पुढे. "अन् साहेब लोकायच्या टोपावर मांगून एक उभी पट्टी. मांगून काऊन?"

"काऊन?" हे मी विचारायचंच असतं. नाही विचारलं तर तेच विचारतात आणि तेच रागावतात.

"कारन मांगच्याले साहेबाच्या मांगं जाचं असते. अन् समोरच्या दुश्मनाले साहेब कोनता थे समजू द्याचं नसते. समजलं? अन् रंग चमकला नाई पाह्यजे. चमकला का गोळी आली. मी रंगात चुलीची राख खलवत होतो. राखेनं रंग कसा मुका होते."

आता मला सांगा, धाडमध्ये भाजी आणायला निघालेल्या माणसाला गोळी कोण मारणार आहे? पण आमच्या गावच्या प्रत्येक हेल्मेटवरच्या रंगात राख आहे, आणि ती माझ्या चुलीतली आहे. वाटीभर राख मागायला ते येतात ते असे, जसं काही सरकारी हुकूमच घेऊन आलेत.

हे सगळं सुरू झालं एका लग्नापासून. बुलढाण्याच्या रस्त्यावर हेल्मेटची तपासणी कडक झाली आणि धाडमधल्या सगळ्यांनी एका आठवड्यात, एकाच दुकानातून, सारखीच काळी हेल्मेटं आणली. त्याच आठवड्यात गावात लग्न. मांडवाच्या दाराशी हेल्मेटांचा ढीग, जशी खळ्यावर कलिंगडं टाकावीत. जेवण झाल्यावर जी बोंबाबोंब झाली ती विचारू नका. कोणाचं डोकं कोणाच्या हेल्मेटात गेलं पत्ता नाही. कोणाला आवळ्याच्या तेलाचा वास, कोणाला मेंदीचा, एकाला तर आत पानाची पुडी सापडली आणि त्यानं ती खाऊनही टाकली. आम्ही बायका पोट धरधरून हसत होतो.

हवालदार मात्र त्या ढिगापुढे नुसते उभे होते. एक हेल्मेट उचलायचे, पाहायचे, ठेवायचे. दुसरं उचलायचे. तोंड पांढरंफटक. मी म्हटलं, "हवालदार, पंगत बसून राह्यली ना." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बुंदी, वांग्याची भाजी, सगळं सोडून तसेच निघून गेले. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फाट्यावरच्या पुलियावर रंगाचे डबे मांडून बसले. पुलिया म्हणजे ओढ्यावरची मोरी, तिला बसण्याएवढा कठडा आहे. येणारा जाणारा प्रत्येक गाडीवाला अडवायचा आणि विचारायचं, "हे डोकं कोनाचं?" माणूस म्हणायचा, माझं. "मंग लिवलं कुठी हाय?"

पैसे घ्यायचे नाहीत. निशाण मात्र तेच ठरवणार. वरच्या गल्लीला गोल, बाजारगल्लीला त्रिकोण, विहाराकडच्या गल्लीला चौकोन, आणि त्याच्यात प्रत्येक घराचं वेगळं चित्र. भजेवाल्या रऊफभाईंना मिरची. डॉक्टरला सुई काढली, तर पेशंट दुरूनच पळायला लागले, मग तिथं गोळी काढली. पवार गुरुजींना भोंगा दिला. गुरुजी तावातावानं आले, "माझ्या हेल्मेटवर भोंगा? मी काय भोंगा आहे?" म्हणून जे सुरू झाले ते चहा गार झाला, दुसरा आला, तोही गार झाला, तरी बोलतच होते. हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. "झालं, गुरुजी? निशाण बराबर हाय."

कुठल्याशा वळणावर पोलिसांनी एकदा आमच्या बाजारगल्लीतले पोट्टे अडवले. सगळ्यांच्या कपाळावर त्रिकोण, पोलिसांना वाटलं टोळी आहे. हवालदार त्यांना सोडवायला गेले. पोरं तर सुटलीच, वर त्या पोलिसाच्या हेल्मेटवर ते शिट्टी काढून आले.

सगळ्यात गाजलं ते राजू आणि वर्षाचं. नवीन लग्न झालेलं जोडपं. हवालदारांनी राजूच्या हेल्मेटवर आंब्याचा डावा अर्धा काढला आणि वर्षाच्या हेल्मेटवर उजवा अर्धा. दोघं एकमेकांना टेकून बसले की आंबा पूर्ण. गावाला फार आवडलं. पण पुढं दोघांचं भांडण झालं, वर्षा माहेरी धामणगाव बढेला गेली, आणि राजू बिचारा अर्धा आंबा घेऊन गावभर फिरतोय. दूधवाला विचारतो, भाजीवाली विचारते, "काऊन रे, उरलेला आंबा कुठी गेला?" चौथ्या-पाचव्या दिवशी तो गाडी काढून गेला आणि हात जोडून बायकोला घेऊन आला. अजूनही दोघं भांडतात, पण भांडून कोणी घराबाहेर पडत नाही.

निवडणुकीत एका उमेदवाराची माणसं गाडीभर हेल्मेटं घेऊन आली. आमच्या पार्टीचं निशाण काढून द्या म्हणे, रॅली आहे, लागेल ते घ्या. हवालदारांनी सगळी हेल्मेटं तशीच परत केली. "माहं निशाण सकाळी जाते अन् संध्याकाळी वापस येते. तुमचं एकदा गेलं का पाच वर्सं तोंड दाखवत नाई."

हेल्मेटं संपली तेव्हा त्यांची नजर माझ्या गिरणीवर पडली. माझ्याकडे दळणाचे डबे असतात रांगेनं, प्रत्येकावर नाव. काळे, वानखेडे, शेख, देशमुखबाई. "वैनी, हे बेकार पद्धत हाय. नाव वाचलं का कोनालेबी समजते, कोनाच्या घरी किती गहू हाय."

"समजू द्या ना. गव्हावर कोन हल्ला करते?"

पण मी बाजाराला गेले आणि आल्यावर पाहते तर सगळे डबे नव्या रंगात. कुठं चंद्र, कुठं कासव, कुठं छत्री. आणि कोणत्या डब्याचं कोणतं निशाण हे मला सांगायला हवालदार तयार नाहीत. म्हणे, "हळूहळू वळख होते." ती ओळख व्हायच्या आत देशमुखबाईंच्या घरी व्याही आले. पुरणपोळीचा बेत. बाईंनी कासवाचा डबा नेला तो काळ्यांचा, आणि त्यात कळण्याचं पीठ. ज्वारी-उडदाचं, काळसर, भाकरीचं. घाईगडबडीत सुनेनं तेच भिजवलं. पोळी काही लाटली जाईना, तर तिनं थापली. व्याह्यांनी कळण्याच्या भाकरीत पुरण खाल्लं आणि वर विचारलं, ही तुमच्या इकडची पद्धत आहे का? देशमुखबाई माझ्या गिरणीवर येऊन जे बोलल्या, ते मी जसंच्या तसं, व्याजासकट, मागच्या भिंतीवरून हवालदारांना ऐकवलं. ते म्हणाले, "दुश्मन फसला ना पन?"

एवढं सगळं रंगवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या हेल्मेटवर मात्र काही नाही. काळं कुळकुळीत, कोरं. गावातलं एकमेव. आम्ही कितीदा विचारलं. कधी म्हणायचे, रंग संपला. कधी म्हणायचे, पेंटरचं घर कधी रंगवलेलं पाह्यलं का? कधी नुसतं "चाल बे" म्हणून विचारणाऱ्याला वाटेला लावायचे.

आणि संध्याकाळी ते पुलियावर बसायचे. ऊन उतरलं की आलेच. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलतात. गाडीचा नंबर दिसत नाही, माणसाचं तोंड दिसत नाही, पण येणाऱ्या हेल्मेटवरचं निशाण बरोबर दिसतं. "मिरची आली. भोंगा आला. आंबा पुरा आला." ओठातल्या ओठात चालू असायचं. शेवटची गाडी गेली की मांडीवर थाप मारायची, मोठ्यानं म्हणायचं, "पूरे वापस!" आणि घरी. मी गिरणी बंद करायची ती त्याच आवाजावर. कोणाला बाहेरगावी मुक्काम असेल तर जाताना पुलियावर सांगून जावं लागे, "हवालदार, आज शेगावले मुक्काम!" नाही सांगितलं तर दुसऱ्या दिवशी चारचौघांत हजामत व्हायची. गावातल्या काही तरुण मंडळींची यानं फार कुचंबणा झाली, पण ते जाऊ द्या. आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याला आपली चित्रं पाहायची हौस. कलाकार माणूस.

आता माझ्या मयुरीचं सांगते, कारण खरी गोष्ट तिची आहे.

मयुरी माझी एकुलती एक. लॅबचा कोर्स केला आणि बुलढाण्याला एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला लागली. एसटीची वेळ आणि तिच्या ड्युटीची वेळ कधी जुळेना. ती म्हणाली, मी स्कुटीनं जाते. मी म्हटलं, माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही. त्या रस्त्यावर ट्रक कसे चालतात ते मी पाहते ना रोज. घरात आठवडाभर अबोला. पोरगी डबा न नेता जायची, आणि मी तो डबा पाहून रडायची. नोकरी सोडते म्हणाली शेवटी. तेव्हा हवालदार मागच्या भिंतीवरून डोकावले.

"वैनी, पोट्टी गाडीनं जाईन. निशाण मी देतो. वापस आली का नाई हे पाहाची जिम्मेदारी माही."

"अन् नाई आली त?"

"त मी आनीन."

हे त्यांनी असं काही म्हटलं की माझ्याच्यानं 'नाही' म्हणवलं नाही. एक अट मात्र मी घातली. एक दिवस जरी हवालदार पुलियावरून 'नाई आली' म्हणाले, त्या दिवसापासून स्कुटी बंद.

त्यांनी मयुरीच्या हेल्मेटवर जातं काढलं. गिरणीवालीची लेक म्हणून जातं. खुंट्यासकट, आणि खाली थोडं पीठ सांडलेलं. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. मयुरीच्याही आलं, पण वेगळ्या कारणानं. दवाखान्यातल्या पोरी तिला "ए चक्की" म्हणायला लागल्या. पोरीच्या जातीला कसं सहन होणार? तिनं काही दिवस काढले, आणि मग बुलढाण्यातून फुलपाखराचं एक मोठं चमकतं स्टिकर आणलं आणि बरोबर जात्यावर चिकटवलं.

त्या दिवशी अवकाळी पाऊस भुरभुरत होता. मयुरी अंगात रेनकोट, तोंडाला स्कार्फ अशी फाट्यावरून आली. पुलियावर छत्री न घेता हवालदार बसलेले तिला दिसले. स्टिकर पाहिलं तर फाडून खातील, म्हणून हिनं मान खाली घातली आणि सुळकन त्यांच्या समोरून निघून आली. घरी येऊन मला सांगत होती आणि हसत होती. "आई, काकाच्या नाकासमोरून आली! त्यायले कळलंच नाई!" मीही हसले. खोटं कशाला बोलू, खूप हसले. एवढी वर्षं गावाची हजेरी घेणाऱ्या म्हाताऱ्याला माझ्या पोरीनं चकवलं होतं. मी कांदाभजे काढायला घेतले.

पहिला घाणा उतरला नाही तोच रऊफभाई दारात. भिजलेले. "वैनी, मयुरी आली का नाई?"

"हे काय, बसली ना. काऊन?"

रऊफभाईंनी कपाळावर हात मारला. "तोबा! अन् हवालदार त पायी निघाले ना बुलढान्याकडे. त्यायची गाडी चालू नाई झाली. मी म्हनलं थांबा, त आयकाले तयार नाई. म्हने, वैनीले शब्द देल्ला."

मयुरीच्या हातातलं भजं तसंच राहिलं. मी गॅस बंद केला आणि दोघी स्कुटीवर निघालो.

गावाबाहेर बऱ्याच अंतरावर ते सापडले. झाडांखाली अंधारून येत होतं. भिजून चिंब, हातात टॉर्च, आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून एक ट्रक अडवलेला. ट्रकवाल्याला विचारत होते, "जातं दिसलं काय? रस्त्यानं कुठी जातं दिसलं काय?" ट्रकवाला परप्रांतातला. हा म्हातारा पावसात काय मागतोय ते त्याला कळेना. त्यानं खिशातून दहाची नोट काढून पुढे केली. हवालदारांनी ती नोट त्याच्याच खिशात कोंबली आणि परत विचारलं, "जातं. गोल. पोरीच्या डोक्यावर."

दुसऱ्या एखाद्या दिवशी मी हे सांगून गाव हसवलं असतं. त्या वेळी मात्र मी ट्रकवाल्यापुढे हात जोडले.

"काका," मयुरी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "काका, मी आली ना. मी कवाचीच आली."

त्यांनी टॉर्च तिच्या तोंडावर मारला. मग हेल्मेटवर. फुलपाखरू चमकलं. मला वाटलं आता पोरीची धडगत नाही. पण त्यांनी टॉर्च खाली केला. अंगठ्यानं स्टिकर चाचपलं. "झाकलं काय," एवढंच म्हणाले, आणि किलोमीटरच्या दगडावर बसले. ट्रक निघून गेला.

"लढाईत आमालेबी आडर आली होती," ते म्हणाले. "टोपावरचे निशाण झाका. आडर बराबर होती. निशाण दिसलं का दुश्मनाले समजते, कोनती पलटन वर चढून राह्यली. मीच रंगवले होते, मीच चिखल फासला. समद्यायच्या टोपाले. आमच्यात किसन होता, धामनगाव बढ्याचा. आपल्या जिल्ह्याचे आमी दोघंच. एका ताटात जेवत होतो. तो वर गेला, मी खाली राह्यलो. वापस उतरून राह्यले होते तवा मी वाटेवर उभा. दाढ्या वाढलेल्या, तोंडं बांधेल, टोप समदे चिखलाचे. एकेकाले पाह्यलं मी. किसन काई दिसला नाई. मी आपला उभाच."

मयुरीनं त्यांच्या डोक्यावर ओढणी धरली होती.

"मांगून समजलं, तो माह्या बाजूनंच गेला. ट्रेचरवर. जखमी होता. त्यानं मले पाह्यलं म्हने. हातबी वर केला. अन् मी पाहून राह्यलो टोपाकडे, निशाण धुंडत. अन् टोपावर माहाच चिखल."

"मग?" मयुरीनं विचारलं.

"मंग दवाखान्यात वारला. भेट नाई झाली."

मला रडू फुटलं. आणि मला रडू फुटलं की मी भांडते, तो माझा स्वभावच आहे. "अन् एवढं हाय त थो मोतीबिंदू काऊन नाई काढत तुमी? अं? डोळे फुटेल घेऊन पुलियावर बसता, अन् भर रस्त्यात ट्रक अडवता! अन् दुनियेच्या हेल्मेटावर निशाण, सोताचं काऊन कोरं? तुमाले काई झालं रस्त्यात, त आमाले कोन सांगन?"

"निशाण डोक्यावाल्यासाठी नसते, वैनी," ते म्हणाले. "जो वाट पाह्यते त्याच्यासाठी असते. गया होती तवा गोष्ट वेगळी. आता माही वाट कोन पाहून राह्यलं?"

ज्वारीचा भाव सांगावा तसं त्यांनी सांगितलं. मग उठले, मांडीवर थाप मारली, पाऊस झटकला. "पूरे वापस. चला."

मयुरीनं घरी येऊन ते स्टिकर नखानं खरवडून काढलं. खाली जातं शाबूत होतं. राखेचा रंग, जाईल कुठं. स्कुटी बंद करायची माझी अट मीही मागं घेतली. आणि दवाखान्यातल्या पोरींना तिनं काय सांगितलं माहीत नाही, पण पुढच्या आठवड्यात त्यातली एक धाडला अटॅच होऊन वांगं घेऊन गेली.

माझं भांडण मात्र फळाला आलं. बुलढाण्याला डोळे दाखवायला जातो, असं ते एकदाचे कबूल झाले. मी म्हटलं, मयुरी नेईल. तर म्हणे, "मी काय दळन हाय, डब्यात घालून न्याले?" आदल्या दिवशी ते त्यांचं हेल्मेट माझ्या गिरणीच्या ओट्यावर ठेवून माझ्या चुलीतली राख घ्यायला आत गेले. मी त्यांच्याच डब्यातला पांढरा रंग घेतला, त्यांचाच ब्रश. खाली एक गोल, वर एक गोल, बाजूला खुंटा. वरून गिरणी चालू, सगळं हलत होतं. काय निघालं ते देवालाच माहीत. मग ते हेल्मेट मी गोणपाटाखाली झाकलं आणि सकाळी ते निघाले तेव्हा अंधूक उजेडात त्यांच्या हातात दिलं. मोतीबिंदूचा तेवढा फायदा झाला.

त्या संध्याकाळी मी गिरणी भर गर्दीच्या वेळेला बंद केली. देशमुखबाई डबा घेऊन उभ्या, म्हणे काय झालं? मी म्हटलं, काम आहे. आणि पुलियावर जाऊन बसले. खोटं नाही सांगत, पहिल्यांदा लाज वाटली. मग मिरची आली. भोंगा आला. अर्धा आंबा आला, मागून दुसरा अर्धा. जातं आलं, माझी मयुरी. ती गाडी लावून माझ्याशेजारी बसली. दर वेळी गाडी आली की मी उठायची, आणि दुसऱ्याची निघाली की खाली बसायची. हा म्हातारा हे रोज कसं करतो, असं मनात आलं.

आणि मग ती फटफट ऐकू आली. वळणावरून ते आले, ताठ बसून, आणि कपाळावर माझं वेडंवाकडं पांढरं. मी उठले आणि रस्त्यात जाऊन ओरडले, "पूरे वापस!"

त्यांनी दोन्ही पाय टेकवून गाडी थांबवली. माझ्याकडे पाहिलं, मयुरीकडे पाहिलं. आम्ही दोघी एकसारख्या त्यांच्या कपाळाकडे पाहत होतो, म्हणून त्यांनी हेल्मेट काढलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं.

"हे कोनं काढलं?"

"मी."

"काय हाय हे? इडली?"

"जातं हाय."

त्यांनी त्या गोलांवरून अंगठा फिरवला. "रिपोट असा नाई देत, वैनी. पहिले नाव घ्याचं. मंग वापस म्हनाचं."

मी पदर खोचला आणि बस स्टँडापर्यंत ऐकू जाईल असं ओरडले, "हवालदार देवमन, वापस!"

"हाव," ते म्हणाले. हेल्मेट परत डोक्यावर चढवलं, पट्टा आवळला, घर चार पावलांवर असताना. "उद्या सुधरून घेतो हे. राख बी नाई टाकली, चमकून राह्यलं."

डोळ्याचं ऑपरेशन झालं त्यालाही आता बरेच दिवस झाले. त्यांना सगळं लख्ख दिसतं. माझ्या डब्यांवरची कासवं, छत्र्या त्यांनी पुन्हा नव्यानं रंगवल्या, गुरुजींच्या भोंग्यालाही नवा रंग दिला. ती इडली मात्र अजून तशीच आहे.